खोडलेलं उणे

परवा नातीचा प्लास्टिकचा कंगवा उचलला, तर त्याला कापसाचा पुंजका चिकटलेला. झटकला, फुंकला, सुटेना. आणि मारेगावचा बारावीचा वर्ग समोर उभा राहिला.

कापसानं सगळ्यांना रडवलं, त्या वर्षांतली गोष्ट. मी फिजिक्स शिकवायचो. तांड्यावरून येणाऱ्या शेवंतानं धन आणि ऋण प्रभाराच्या जोडीची स्थितिज ऊर्जा उणे काढली होती. मी लाल पेनानं ते उणे खोडलं. भर वर्गात विचारलं, "ऊर्जा कधी शून्याच्या खाली जाते का गं?"

तिनं कंगवा केसांवर घासला, ओढणीवरच्या कापसाजवळ नेला. कापूस चिकटला. "सर, हे दोघं एकमेकाले धरून हायेत. तोडाले बाहेरून जोर लावा लागते, म्हून उणे. सारखे प्रभार असते तं आपोआप दूर पळाले असते."

तिचं बरोबर होतं. मला तिथंच कळलं. तरी म्हणालो, "जाय, कापूस वेचताना शिकव हे." पोरं खो खो हसली.

वेचणी लागली की तांड्यावरच्या मुली महिना-दीड महिना यायच्या नाहीत. परीक्षेला बसता यावं म्हणून आम्ही मास्तर त्यांची हजेरी लावून टाकायचो. वेचणी संपली, बाकीच्या परतल्या. शेवंता आली नाही.

तांडा सायकलनं वीस मिनिटांवर होता. मी गेलो नाही. परीक्षेपर्यंत रजिस्टरात तिची हजेरी लावत राहिलो. तेवढाच काय तो जोर मी लावला.