भास्कररावांची उन्हाळी ट्राऊट

बर्फाच्या लाद्या भरलेला टेम्पो तळ्याच्या काठाला लागला होता आणि भास्करराव मला विचारत होते, "मॅडम, कुठून टाकायच्या? मधात का काठानं?"

मे महिना होता. ऊन असं की थर्मामीटरची पेटी हातात धरवत नव्हती. मी म्हटलं, "कुठूनही टाका. तळ्याला कळणारसुद्धा नाही."

"कळतं का न्हाई, बघूच ना. काढा तुमचा थर्मामीटर."

मी मत्स्यशास्त्र शिकलेली बाई. जालना जिल्ह्यात शेततळ्यांवर मासे पाळणाऱ्यांना सल्ला देणं हा माझा व्यवसाय. तळं बघायचं, पाणी तपासायचं, कोणता मासा टाकायचा, किती टाकायचा, खाद्य काय द्यायचं ते सांगायचं. लोक मला मासेवाल्या मॅडम म्हणतात. माझी त्याला हरकत नाही. घरच्यांची आहे.

भास्करराव हे मूळचे हसनाबादच्या बाजूचे शेतकरी, आता जालन्यात राहणारे. गावाकडच्या त्यांच्या जमिनीत एक टेकडी होती आणि टेकडीला पूर्वीची दगडाची खदान. खदान बंद पडली, पाझर लागला, पाणी साठलं. खोल, निळंशार, देखणं तळं झालं. खोटं कशाला बोलू, मलाही ते पहिल्यांदा बघताना छान वाटलं होतं. भास्कररावांनी तळ्याभोवती प्लॉट पाडले. पाण्याला लागून असलेल्या रांगेला 'वॉटरफ्रंट' म्हणायला सुरुवात केली. टेकडीला 'हिल' म्हणायला लागले. इथवर ठीक होतं.

मग ते हिमाचलला सहलीला गेले. तिथे एका थंडगार ओढ्याकाठी त्यांनी गळ टाकला, ट्राऊट पकडली, तळून खाल्ली. परत आले ते ठरवूनच. आपल्या तळ्यात ट्राऊट पाहिजे. लोक रविवारी येतील, गळ टाकून बसतील, प्लॉट घेतील.

मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "ट्राऊट हा थंड पाण्याचा मासा आहे. बर्फ वितळून आलेल्या पाण्यात वाढणारा. आपल्याकडचं पाणी उन्हाळ्यात अंघोळीला गरम करावं लागत नाही, इतकं तापतं."

"पण खाली तर थंड राहतं ना? खदान खोल हाये. मासे खाली जाऊन बसतील."

प्रश्न बरोबर होता. खोल तळ्यात वरचं पाणी तापतं आणि खालचं थंड राहतं. पण उन्हाळ्यात हे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्या थराला वारा लागतो, हवा मिळते. खालच्या थरातला ऑक्सिजन संपत जातो. माशाला पाण्यातला ऑक्सिजन लागतो. ट्राऊटला तर इतर माशांपेक्षा जास्तच लागतो.

"म्हणजे वर राहिली तर उकडून मरेल, खाली गेली तर गुदमरून मरेल," मी म्हटलं.

भास्कररावांनी जरा विचार केला. "मंग बर्फ टाकू," ते म्हणाले.

त्यातून हा टेम्पो आला होता.

लाद्या पाण्यात पडल्या. मोठा आवाज झाला. थोडा वेळ तळं मात्र खरंच हिमाचलातलं दिसलं. भास्कररावांनी लगेच फोटो काढले. मी दोरीला बांधलेला थर्मामीटर लाद्यांपासून जरा दूर पाण्यात सोडला, वाट पाहिली, वर काढला. पुन्हा सोडला, पुन्हा काढला. पारा होता तिथेच.

"हालला का?"

"नाही."

"जरासा?"

"जरासाही नाही. भास्करराव, हे रांजणात बोट घालून रांजण गार करण्यासारखं आहे."

तोवर मेंढरांना पाण्यावर आणलेले दोघे जण काठाला येऊन उभे राहिले होते. त्यातल्या एकाने बर्फाची एक ढलपी ओढून घेतली, फडक्यात गुंडाळून मानेवर ठेवली आणि समाधानाने डोळे मिटले. टेम्पोच्या ड्रायव्हरने दुसरा तुकडा फोडून पाण्याच्या कॅनमध्ये टाकला. त्या दिवशी बर्फाने जे काही गार केलं, ते एवढंच.

जाताना मी सांगितलं, "रोहू टाका, कटला टाका. आपल्या पाण्यातले मासे आहेत. गळालाही लागतात."

"रोहू तर बाजारात मिळतो, मॅडम. रोहूसाठी कोण येतंय?"

भास्कररावांच्या पत्नी पुष्पावहिनी तिथेच सावलीत बसल्या होत्या. त्या माळकरी. त्यांची अडचण वेगळी होती.

"ताई, ह्यांचं म्हणणं, मासा धरायचा अन् पुन्हा सोडून द्यायचा. शहरातले लोक तसंच करतात म्हणे. सोडायचाच हाये तर मंग त्याच्या तोंडाला टोचायचंच कशाला?"

मत्स्यशास्त्रात हा विषय नसतो.

त्यानंतर पावसाळा गेला, हिवाळा गेला. भास्कररावांचा फोन आला नाही. मला वाटलं, विषय संपला. आमच्या कामात निम्मे विषय असेच संपतात.

एप्रिलमध्ये फोन आला. आवाजात इतका आनंद होता की मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"मॅडम, रविवारी जेवायला या. ट्राऊट बघायला या. एप्रिल लागला, अन् जित्ती हाये! उड्या मारून राह्यली!"

"कुठली ट्राऊट?"

"मागच्या पावसाळ्यात टाकली. तुम्हाला सांगितलं न्हाई, म्हटलं तुम्ही पुन्हा थर्मामीटर काढसाल. फोनवर एक माणूस भेटला होता. त्याच्याकडं उन्हाळी जात हाये."

"ट्राऊटमध्ये उन्हाळी जात नसते, भास्करराव."

"उन्हाळी भुईमूग असतो, उन्हाळी बाजरी असती. मंग उन्हाळी ट्राऊट का नसंल?"

त्यांनी ही गोष्ट माझ्याआधी बऱ्याच जणांना सांगितली होती. त्याच आठवड्यात शहागडकडच्या माझ्या एका क्लायंटने मला हसत विचारलं, "मॅडम, तुम्ही तर म्हटल्या होत्या जालन्यात ट्राऊट होत न्हाई." तो हसत होता, पण त्यानंतर खाद्याबद्दल मी जे सांगितलं ते त्याने लिहून घेतलं नाही. एरवी घेतो. आमच्या धंद्यात दुकान नसतं, माल नसतो. शब्दावर विश्वास असतो, तेवढंच भांडवल. रविवारपर्यंत मी पुस्तकं उघडून बसले. माझंच काही चुकतंय का, हे दोनदा तपासलं. कुठल्याही पुस्तकात उन्हाळी ट्राऊट सापडली नाही. तरी झोप नीट लागली नाही.

रविवारी गेले, तर तळ्याकाठी मांडव घातलेला आणि त्यावर ट्राऊटची पाटी. मांडवाखाली खुर्चीत देशमाने गुरुजी बसले होते. हसनाबादचे निवृत्त शिक्षक. टोपी, पांढरा शर्ट आणि हातात नवीकोरी गळाची काठी. भास्कररावांनी ओळख करून दिली. वॉटरफ्रंटमधला पहिला प्लॉट गुरुजी घेणार होते आणि आजच पक्कं करणार होते.

गुरुजी मला म्हणाले, "मला डोंगरात जाऊन मासे धरायची फार हौस होती. आता गुडघे चालत न्हाईत. म्हटलं, डोंगरच इकडं आलाय तर बसावं. नातवंडांना फोनवर सांगून टाकलं, सुट्टीत या, आजोबा ट्राऊट धरून देतील."

मी तळ्याकडे पाहिलं. मासे खरंच होते. पृष्ठभागावर गोल वलयं उठत होती. पाण्यात हात घातला. कोमट. या पाण्यात ट्राऊट जगायलाच नको होती.

तेवढ्यात गुरुजींची काठी वाकली. ते चक्क उभे राहिले. गुडघ्यांचं कुणालाच आठवलं नाही, त्यांनाही नाही. भास्करराव ओरडले, "ढील द्या, गुरुजी, ढील! आता ओढा! जल्दी!" पाण्यात खळबळ झाली आणि हातभर नाही, पण चांगला वीतभर मासा काठावर आला. गुरुजींचा चेहरा शाळकरी मुलासारखा झाला होता.

"गळाला काय लावलं होतं, गुरुजी?" मी विचारलं.

"कणकेची गोळी."

ट्राऊट शिकारी मासा. किडे खातो, लहान मासे खातो. कणकेवर तो सहसा येत नाही.

मी मासा ओल्या हातात घेतला. भास्करराव बोट दाखवत होते, "हे बघा, खवल्यावर लाल झाक. रेनबो! रेनबो ट्राऊट म्हणतात ती हीच ना?"

ट्राऊटचे खवले इतके बारीक असतात की अंग गुळगुळीत वाटतं. आणि तिच्या पाठीवर शेपटीच्या जरा अलीकडे एक छोटासा मांसल पर असतो, करंगळीच्या टोकाएवढा. हा पर नाही, तर ती ट्राऊट नाही. माझ्या हातातल्या माशाला तो पर नव्हता. खवले मोठे होते, तोंड खालच्या बाजूला, ओठाला झालर. लाल झाक होती, ती या माशाला असतेच.

मी मासा बादलीत सोडला आणि भास्कररावांना पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे नेलं.

"भास्करराव, तो रोहू आहे."

ते बघतच राहिले. "बिलकुल न्हाई."

मी पर, खवले, ओठ सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी खिशातून फोन काढला, त्या उन्हाळी ट्राऊटवाल्याला लावला. फोन बंद होता. भास्कररावांनी तो पुन्हा लावला. पुन्हा बंद.

"म्हणजे फसलो मी."

"फसलात म्हणून वाचलात. त्याने खरी ट्राऊट पाठवली असती, तर आज हे तळं मेलेल्या माशांनी पांढरं झालं असतं आणि गुरुजी नाकाला रुमाल लावून बसले असते."

याने त्यांचं समाधान झालं नाही. ते भिंतीला टेकले. मग दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आज राहू द्या. आज नका बोलू. गुरुजींचं पक्कं होऊ द्या. त्यांना काय कळतंय रोहू अन् ट्राऊट?"

"मी नाही बोलणार. तळं तुमचं, गिऱ्हाईक तुमचं. पण गुरुजींनी मला विचारलं तर मी रोहूला रोहूच म्हणणार. आणि त्यांच्या नातवंडांपैकी एखादं ट्राऊटचा फोटो बघूनच येईल."

मला खरंच माहीत नव्हतं ते काय करतील. तेवढ्यात मांडवातून गुरुजींचा आवाज आला. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अरे, धरली! स्वतः धरली! आजोबांनी ट्राऊट धरली!"

भास्कररावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, शर्ट सारखा केला आणि मांडवात गेले.

"गुरुजी, फोन जरा ठेवता का?" ते म्हणाले. "ती ट्राऊट न्हाई. रोहू हाये. मला फसवलं एकानं. मी तुम्हाला फसवून राह्यलो होतो, ते मला आत्ता कळलं."

गुरुजी बादलीत बघत होते.

"रोहू?"

"रोहू."

"बराबर हाये का मॅडम?"

मी मान हलवली.

"मंग मला आधी पोरांना सांगावं लागंल," गुरुजी म्हणाले. प्लॉटचं त्या दिवशी काही पक्कं झालं नाही. जेवण झालं, ते फारसं कोणाला गोड लागलं नाही. पुष्पावहिनींनी तेवढ्यात बादली उचलून तळ्यात रिकामी केली आणि येऊन पुन्हा वाढायला लागल्या.

मला वाटलं होतं, भास्करराव आता माझं तोंड बघणार नाहीत. उलट दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बोलावून घेतलं. या वेळी मी म्हणेन ते करायचं असं ठरलं. तळ्याचं पाणी तपासलं, कटला टाकला, ट्राऊटची पाटी उतरवली.

मेच्या सुट्टीत गुरुजी आले. नातवंडांना घेऊन आले. फोनवर त्यांनी खरं सांगितलं होतं. नातीचं म्हणणं पडलं, मासा धरायचा आहे, त्याचं आडनाव कशाला हवं? दिवसभर सगळे काठावर बसले. धरलेला प्रत्येक मासा पुष्पावहिनींच्या देखरेखीखाली पाण्यात परत गेला. जाताना गुरुजींनी प्लॉट पक्का केला. पण वॉटरफ्रंटमधला नाही, मागच्या रांगेतला. म्हणाले, पाण्याजवळ डास फार, आणि बेडूक झोपू देणार नाहीत. भास्कररावांना मागची रांग विकायला आता ट्राऊटचं नाव घ्यावं लागत नाही, एवढंच माझं नशीब.

शहागडच्या क्लायंटने परत लिहून घ्यायला सुरुवात केली आहे.

हल्ली नवीन माणूस तळं दाखवायला नेतो, तेव्हा मी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मासा कोणता, हे पाणी ठरवतं. सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे माशाला वाचता येत नाही.