कोनाले विचारून आली?

चंद्रपूरजवळच्या घुग्घुसहून निघाले त्या सकाळी शेजारच्या सुलोचनाबाई नळावरची गुंडी तशीच भरत ठेवून रस्त्यावर आल्या. नागपूरच्या गाडीत माझं सामान चढत होतं. कंबरेवर हात ठेवून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "काऊन वो पोरी, आमाले तं तू पत्रकं वाटत होती, खानीसाठी जागा सोडू नका म्हनून. अन् आता तूच चालली व माय कॅनडाले?"

सगळे हसले. गाडीवालाही हसला. मीही हसले. मी, जी तहसीलदारापुढे गप्प बसत नव्हते, ती सुलोचनाबाईंपुढे बॅगेची चेन लावत बसले.

बाबांची उभी हयात कोळसा खाणीत गेली. निघताना ते म्हणाले, "तिथी गेल्यावर आधी वारा पाहजो. धूळ कोनीकडे जाते ते पाहून खोली घेजो." आई म्हणाली, "जो पहिले पाणी देईन, त्याले इसरू नको." विहाराच्या कोपऱ्यावर गाडी वळली, निळा झेंडा दिसेनासा झाला, आणि समोर सिमेंटच्या ट्रकांची रांग लागली. घुग्घुस सोडायलासुद्धा ट्रकांच्या मागे उभं राहावं लागतं.

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, ही हाक पत्रकाची आहे हे मला माहीत आहे. सवय जात नाही. पत्रक लिहिणाऱ्याला पहिल्या ओळीत माणसं समोर उभी करावी लागतात, नाहीतर कागद भजी बांधायला जातो. तेव्हा उभे राहा. सुलोचनाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे.

विमानात मी एक उत्तर तयार केलं होतं. आमच्या घरात सोडण्याचा सण असतो. आजोबा-आजी चंद्रपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, घरातले देव सोडले, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि तो दिवस आम्ही दरवर्षी पांढरे कपडे घालून साजरा करतो. आम्हाला सोडणं कोणी शिकवू नये. उत्तर झणझणीत होतं. पण ते पुरत नव्हतं. आजोबा सगळं सोडून त्याच गावात, त्याच लोकांच्या डोळ्यांसमोर राहिले होते. मी पत्ता बदलत होते.

इकडे मी टोरोंटोजवळ एका बेसमेंटमध्ये राहिले. सोबतीला प्रणाली होती. ती ब्रह्मपुरीची, कॉलेजात माझ्यापुढे, तोंडानं माझ्याहून फाटकी. दोघी वृद्धाश्रमात काम करायचो. म्हाताऱ्यांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं. ज्यासाठी आले ते शिक्षण झालं, कामाचं पर्मिट मिळालं, आणि पर्मिट संपायची तारीख फ्रिजवरच्या कॅलेंडरमध्ये लाल होऊन बसली. त्याआधी कायम राहण्याची परवानगी मिळवायची, नाहीतर परत.

हा देश माणसाला मार्क देतो. वयाचे इतके, इंग्रजीचे इतके, अनुभवाचे इतके. गावोगाव फिरून ग्रामसभेचा कायदा समजावला, त्याचा शून्य. माझे मार्क कमी पडत होते. मग उरतात त्या प्रांतांच्या आणि लहान गावांच्या माणसं बोलावण्याच्या योजना. ज्या भागातले तरुण शहरात पळून गेले, तो भाग म्हणतो, या, आमच्याकडे या, आमचे म्हातारे सांभाळा. त्यांची पोरं शहरात गेली म्हणून त्यांचे म्हातारे आमच्या हाती. आणि आमचे? बाबांचा खोकला फोनवर ऐकायचा. हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक होती पश्चिमेकडच्या गव्हाच्या प्रांताची. तिथल्या एका वृद्धाश्रमानं घ्यायची तयारी दाखवली होती आणि काम लवकर होईल असं सगळे सांगत होते. दुसरी होती लहान गावांची. दूर उत्तरेतलं एक खाणीचं गाव, तिथेही वृद्धाश्रमात जागा, पण आधी गावातले लोक तुमची मुलाखत घेणार आणि त्यांनी शिफारस केली तरच अर्ज पुढे जाणार. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. सही करून सांगायचं, माझा इथेच राहायचा इरादा आहे. त्यामुळे दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नव्हते.

प्रणालीला यात प्रश्नच दिसत नव्हता. कांदा चिरत ती म्हणाली, "गव्हाचं घे. सही कर, कायम राहाचं कार्ड हाती आलं का निघून ये इकडे. सगळे असंच करून राह्यले."

"अन् तिथी राहीन म्हनून सही केली ते?"

"इरादा होता, बदलला. तुह्या इराद्याले काय कुलूप आहे? कोन पाहाले येते?"

"अन् ते म्हातारे?"

"त्यायले दुसरी भेटते. तू काय एकटीच आहे काय सेवा करणारी? मोठी आली."

मला झोप लागेना. प्रणाली वाईट नाही. माझ्या तापात तिनं रात्रपाळी करून मला पेज पाजली आहे. पण असल्या सह्या मी खाणीच्या कागदांवर पाहिल्या होत्या. झाडं लावू म्हणून सही, नोकऱ्या देऊ म्हणून सही, गावाची संमती आहे म्हणून मेलेल्या माणसाचा अंगठा. मी त्या सह्यांवर पत्रकं काढली. 'खोट्या सहीनं जंगल जाते' असं मथळ्यात लिहिलं, आणि ते चौकात उभी राहून ओरडले. आता माझ्या हाताशी तसाच कागद होता. फरक एवढाच, की यावेळी ट्रकात बसून येणारी मी होते.

मग उत्तरेचं गाव निवडावं, तर ते खाणीचं. आयुष्यभर जिच्याशी भांडले, तिच्याच दारात राहायला जायचं? शिवाय मुलाखतीत नापास झाले तर गव्हाच्या प्रांताचीही वेळ निघून गेलेली असणार. हाच विचार करत मी शिफ्टला जायची. एका आजीबाईंना मी एकाच सकाळी दोनदा चहा दिला. त्या दोन्ही वेळा प्यायल्या.

त्या दिवसांत मला मंगरू दादा आठवायचे. धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका गावचे म्हातारे. त्यांच्या डोंगरावर खाण येणार होती आणि मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन पहिल्यांदाच त्या गावात गेले होते. नवी होते, गरम होते. मोहाच्या झाडाखाली उभी राहून थेट वाचायला लागले. एका बाईनं लगेच तांब्याभर पाणी आणून दिलं. पण ऐकायला कोणी आलं नाही. मग मंगरू दादा आले, समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "थांब बाई. कोनाले विचारून आली?"

मी म्हणाले, "दादा, मी तुमच्याच बाजूनं आहे."

"ते कंपनीवालेबी असंच म्हनत होते."

मागे उभ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दादा शांतपणे म्हणाले, "तू चांगली असशीन. पन चांगला मानूसबी विचारूनच आत येते. बस. मानसं शेतातून येऊ दे."

मला दिवसभर बसवलं. संध्याकाळी माणसं जमली, विचारलं, कोणाची, कुठली, कायले आली, किती दिवस राहशीन, गेल्यावर आमाले इसरशीन का. कोणीतरी म्हणालं, "हिचा आवाज बम मोठा आहे, डुकरं पळवाले कामी येईन." सगळ्यांचं बोलून झालं, तेव्हा दादा म्हणाले, "हां. आता वाच."

पाणी लगेच मिळालं होतं. होकार संध्याकाळी मिळाला. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या गावात शिकले.

मी गव्हाच्या प्रांताला 'नाही' म्हणून कळवलं. प्रणालीनं कपाळावर हात मारला. "गाव निवडून राह्यली का नवरा?" ती म्हणाली. "नवऱ्याले सोडता तरी येते."

उत्तरेच्या गावाची मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. समितीत चार-पाच जण होते, एक दुकानदार बाई, एक निवृत्त शिक्षक, वृद्धाश्रमाची मॅनेजर वगैरे. थंडी झेपेल का, गाडी चालवता येते का, इथे तुमच्या देशाचं कोणी नाही तर करमेल का. नीट उत्तरं दिली. शेवटी शिक्षकांनी विचारलं, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे?"

शहाण्या माणसानं इथे विचारावं की घरभाडं किती, बस आहे का. माझ्या तोंडून निघालं, "तुमच्या गावाशेजारी इथल्या मूळ लोकांची वस्ती आहे. जमीन त्यांची होती. बाहेरून माणसं आणून वसवायचं ठरलं, तेव्हा त्यांना विचारलं होतं का? मी येते आहे, हे त्यांना कोण सांगणार?"

दुकानदार बाईंनी चष्मा काढून पुसला. शिक्षक म्हणाले की प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो या समितीच्या कामात बसत नाही. आभार मानून त्यांनी कॉल संपवला.

स्वयंपाकघरातून प्रणालीचा आवाज आला. "गेली. आता बांध बोचकं अन् चाल घुग्घुसले. सुलोचनाबाई वाट पाहून राह्यली."

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. फोन वाजला की आधी नंबर पाहायची. आईला काही सांगितलं नव्हतं, तरी ती रोज विचारायची, "आवाज काऊन असा येते तुहा?" मी स्वतःवर चिडायची. कोणी सांगितलं होतं? ज्या दारात आपण हात पसरून उभे, त्या दारवाल्याला घराचा सातबारा मागायचा? आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, न विचारता आत गेले असते, तर मंगरू दादांपुढे पुन्हा कुठल्या तोंडानं बसले असते?

शिफारस आली. का आली ते मला आजही कळलेलं नाही. कदाचित प्रश्न कोणाला आवडला असेल. कदाचित म्हाताऱ्यांना उठवायला माणूसच मिळत नसेल. दुसरं जास्त खरं असावं.

आता मी त्या गावात राहते. खाणीचे मोठे ट्रक हायवेवरून जातात, चमकत्या जाकिटातले लोक शिफ्ट सुटल्यावर कॉफीच्या दुकानात रांग लावतात, बर्फाच्या कडेला काळपट रेघ साचते. बाबांना व्हिडिओवर रस्ता दाखवला. ते म्हणाले, "हे तं घुग्घुसच आहे वो. फक्त बरफ टाकला वरून." मग गंभीर होऊन, "वारा कोनीकडून येते?" मी सांगितलं, खोली वाऱ्याकडच्या बाजूलाच घेतली आहे. ते खोकले आणि म्हणाले, "शाबास."

पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी शेजारच्या मूळ लोकांच्या वस्तीत गेले. त्यांच्या पंचायतीचं ऑफिस आहे, साधं, बसकं, दारात लाकडं रचलेली. टेबलाशी माझ्या आईच्या वयाची बाई होती. काय काम आहे, तिनं विचारलं. मी म्हणाले, काम काही नाही. मी शेजारच्या गावात राहायला आले आहे. आमच्याकडे जंगलातल्या गावात गेलं की आधी सांगावं लागतं. म्हणून सांगायला आले.

तिनं टेबलाचा खण उघडून पाहिला. मग म्हणाली, "यासाठी आमच्याकडे फॉर्म नाही."

मला हसू फुटलं. या देशात आल्यापासून फॉर्म नसलेलं हे पहिलंच ऑफिस. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "इथे आजवर जे आले, ते न विचारताच आले. तुला हो म्हणणारी मी कोण? नाही म्हणणारी तरी कोण? वडीलधारी माणसं जमतील तेव्हा त्यांच्या कानावर घालते. वेळ लागेल." मग उठली आणि कोपऱ्यातल्या नळाचं पाणी कागदी पेल्यात भरून माझ्यापुढे ठेवलं. मी तिचं नाव विचारून घेतलं. आईनं सांगितलं होतं, म्हणून.

वरच्या सरकारकडे गेलेली माझी कायम राहण्याची फाईल अजून उघडायची आहे. ती नाकारली गेली तर मला जावं लागेल, आणि हे सगळं लिहिताना ती भीती शेजारी बसून आहे. रोज सकाळी ईमेल उघडण्याआधी मी खिडकीतून धूर कोणत्या दिशेनं चाललाय ते पाहते. तेवढंच हातात आहे.

सुलोचनाबाई, जागा सोडू नका असं मी लिहिलं होतं आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. तुमची जागा कोणी न विचारता घेत होतं, म्हणून ते लिहिलं होतं. मी माझी जागा सोडली, ती माझ्या पायांनी. आणि दुसऱ्याच्या जागेत आले ती विचारून आले, जिथे विचारायला कोणी सापडलं तिथे. पूर्वी मला वाटायचं, जिथून आपल्याला कोणी उठवू शकत नाही ते घर. आता वाटतं, जिथे एखादा म्हातारा समोर उकिडवा बसून विचारेल, कोनाले विचारून आली, आणि मला खाली मान न घालता उत्तर देता येईल, ते.

काल आईचा फोन होता. "तिथल्या लोकायनं पाणी विचारलं का तुले?"

"दिलं ना."

"मंग झालं तं."

"नाई आई," मी म्हणाले. "पाणी दिलं. हो म्हनाचं अजून राह्यलं."