स्लाइट डेंट
इडलीचा कोपरा तुटला की सुमनआत्या म्हणायची, "चिप्ड ॲट द एज. चालेल." पडून तिचं मनगट सुजलं, तेव्हा डॉक्टरांच्या आधी तिनंच जाहीर केलं, "हेअरलाइन क्रॅक आहे." माझ्या टकलाकडे बघून, "नॉर्मल वेअर अँड टेअर." विमा कंपनीच्या मोटार खात्यात तेहतीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे पोचे लिहून तिची जीभच तशी वळली होती. जपून वापरायची तो एकच शब्द, गाडी पार भंगारात गेली की लिहायचा. "टोटल लॉस लिहायची घाई करू नये रे."

स्वतः मात्र तिनं स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. निवृत्त झाल्यावर एक जुनी गाडी घेतली, परळच्या गल्ल्यांत शिकली आणि लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणाले, "सुमन, आता नापास झालीस तर गाडी विकायची." "विकते, दादा," ती म्हणाली. पण अर्ध्या ताटावरून उठली.

तिसऱ्या खेपेला सोबत मी. आदल्याच दिवशी तिची गाडी करी रोडला नेऊन मी मागचा बंपर ठोकून आणला होता आणि गप्प बसलो होतो. पन्नाशीचा बाप्या, आत्याला घाबरून!

आरटीओच्या मैदानावर तिनं गाडीभोवती फेरी मारली, कागदावर काहीबाही लिहिलं आणि तो इन्स्पेक्टरपुढे धरला. "साहेब, आधीची कंडिशन. सही करा." त्यानं हसत, न वाचताच सही ठोकली.

तिनं दोन खांबांमधून गाडी झकास रिव्हर्स घेतली. इन्स्पेक्टर मागे जाऊन वाकला. "मॅडम, खांबाला लागली की. फेल."

मी पुढे झालो. "साहेब, तो पोचा मी..."

"तू थांब," आत्या म्हणाली. "साहेब, तुमचा खांब पिवळाजर्द आहे. बंपरवर पिवळा ठिपका तरी दिसतोय? आणि तुमच्या सहीच्या वरची ओळ वाचा."

त्यानं मोठ्यानं वाचलं, "रिअर बंपर, लेफ्ट. स्लाइट डेंट, फ्रेश. ड्रायव्हर: भाचा."

अख्खी रांग हसली. इन्स्पेक्टरनं मान डोलावली. "पास!"

"तुला कळलं कसं?" मी पुटपुटलो.

"काल चावी परत देताना 'आत्या, पाणी आणू का' म्हणालास. जन्मात पहिल्यांदा."

परतताना मी शेजारी, चालवायला ती. माझ्या वडिलांच्या खिडकीखाली गाडी थांबवली आणि ते बाहेर डोकावेपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.