तांदळाच्या ड्रममधलं कार्ड

आमच्या घरी एक कार्ड तांदळाच्या ड्रममध्ये ठेवलेलं असायचं. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, अगदी तळाशी. तांदूळ संपत आले की आई ते वर काढायची, नवे तांदूळ ओतायच्या आधी पुन्हा तळाशी घालायची. कार्ड लाल होतं आणि दादाचं होतं. तो सहा वर्षांचा असताना शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं, त्यात त्याला ते मिळालं.

सिकलसेल. आमच्या भागात हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, पण मोठ्याने कोणी म्हणत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. दादाला हे थंडीत व्हायचं. मग आई निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून त्याचे गुडघे शेकायची. शेजारीण डोकावली तर म्हणायची, "वाऱ्याचं हाय. उन्ह पडलं का उठून बसते पोट्टा."

बाबा चिखल्याच्या खाणीत, जमिनीखाली काम करतात. आम्ही खाणीच्या कॉलनीत राहतो. तुमसरच्या इंग्रजी शाळेत खरं तर दादाला घालायचं होतं. पण पहाटेच्या गार वाऱ्यात बसमध्ये बसणं त्याला झेपत नसे. तो कॉलनीजवळच्या मराठी शाळेत गेला आणि त्याच्या जागी मी तुमसरला गेले. घरात इंग्रजी आली ती अशी. पुढे घरातला प्रत्येक फॉर्म माझ्यापुढे यायचा. दादा म्हणायचा, "ओ कॉन्व्हेंटवाली, सही कुठं करू तेवढं सांग."

मला लिहिता-वाचता येतं, बोलता येत नाही. चार माणसांत माझा आवाज गळ्यातच राहतो. घरी बसून दुसऱ्यांचा इंग्रजी मजकूर तपासून देण्याचं काम मी त्यामुळेच धरलं.

दादाही घरूनच काम करायचा. गेम्ससाठी घरं, झाडं, रस्ते कॉम्प्युटरवर उभे करायचा. नोकरी नाही, जे काम मिळेल ते. बर्लिनमधल्या दोन कंपन्यांकडून त्याला नियमित काम मिळायला लागलं आणि तिथे राहून असं सुटं काम करणाऱ्यांसाठी व्हिसा असतो हे त्याला कळलं. व्हिसाच्या कागदांमध्ये आजारपणाचा विमा होता. तुमसरला ज्या बँकेत त्याचं खातं होतं, तिथेच परदेशात राहणाऱ्यांसाठीचा विमा मिळत होता. सहीसाठी आम्ही दोघं गेलो.

त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. मुलगा सानगडीचा, शिक्षक. आमच्याच समाजातला. बघायला आला तेव्हा दहा मिनिटं आम्हाला आतल्या खोलीत बसवलं होतं. त्याने विचारलं, "तुम्हाला बोलायला आवडत नाही का?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मलाही." उरलेली नऊ मिनिटं आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो. मला आयुष्यात कोणाजवळ इतकं बरं वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर दादाने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि त्याला ते कळलं.

बँकेत विम्याचं टेबल ज्यांच्याकडे होतं, ते त्या मुलाचे सख्खे मामा होते. आईने निघतानाच बजावलं होतं, "तिथं काई बोलू नोका. त्याचं नाव निघालं का हिचंही निघंल. भावाले हाय तर बहिणीलेही असंल, म्हनतीन."

मामांनी चहा मागवला, विम्याचा फॉर्म पुढे घेतला आणि स्वतःच भरायला लागले. नाव, पत्ता, जन्मतारीख. मग अकरावा प्रश्न. त्यांनी चष्म्यावरून दादाकडे पाहिलं.

"काही आजार-गिजार? शुगर, बीपी? जन्मापासूनचं काही?"

मी फॉर्म उलटा वाचत होते. त्या प्रश्नाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की माहिती लपवली तर विमा रद्द होईल. मला ते शेवटच्या शब्दापर्यंत कळलं. दादाला इंग्रजी अडत अडत वाचता येत असे, पण तो वाचतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मी चहाच्या कपाच्या कानाला धरून बसले होते.

"नाही," दादा म्हणाला. "काहीच नाही. एकदम ठणठणीत."

"चांगलं हाय, बाबू. खाऊन-पिऊन ऱ्हा तिकडं," मामा म्हणाले आणि चौकटीत खूण केली. वारस म्हणून माझं नाव घातलं. मी सही केली. माझी सही फार सुबक आहे, शाळेत त्याबद्दल कौतुक व्हायचं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तोंड काहून पाडलं? झालं न काम."

"दादा, त्यात लिहिलंय की..."

"लिहू दे. मी पाणी पीन, गरम कपडे घालीन. तुह्या लग्नात नाचायला येतो का नाही पाह्य."

बस आली.

तो निघाला त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मुलाकडचे लोकही निरोप द्यायला आले होते. दादाची मोठी बॅग वजनकाट्याला लटकवून सगळ्यांसमोर मोजली. काटा पुढे जायचा, काहीतरी काढायचं, पुन्हा मोजायचं. आईने लाखोरीच्या डाळीचे वडे दोन डब्यांत भरले होते. बाबांचं म्हणणं होतं एक डबा काढा, आईचं म्हणणं होतं पुस्तकं काढा. दादा हसत म्हणाला, "माय, मलेच काढ, वडे जाऊ दे." त्याआधी सकाळी, कोणी नसताना, मी त्याला ड्रममध्ये हात घालून कार्ड काढताना पाहिलं होतं. त्याने ते झटकलं आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. मला जरा बरं वाटलं.

पहिला हिवाळा येईपर्यंत सगळं छान होतं. तो व्हिडिओ कॉलवर खिडकी दाखवायचा, झाडं दाखवायचा. आई विचारायची, "पाणी पितेस का नाही?" तो बाटली उचलून कॅमेऱ्यासमोर धरायचा. पुढे बाटलीबरोबर टोपी आली, मग मफलर, मग पांघरूण. एके दिवशी कॅमेरा बंद होता. "नेटवर्क नाही," म्हणाला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. लहानपणी भिंतीपलीकडून तोच आवाज यायचा. दात दाबून घेतलेला श्वास.

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये होता. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे? त्याने खरं सांगितलं. लहानपणापासून, सहाव्या वर्षी कळलं. डॉक्टरने ते तसंच लिहिलं. मला त्याने आनंदाने सांगितलं, "इथं कोणी तोंड वाकडं नाही करत वं. उलट विचारून राहिले, दुखणं दहापैकी किती? माह्या बापजन्मी कोणी असं विचारलं नव्हतं."

"मग किती सांगितलंस?"

"सात. इज्जतीचा सवाल होता."

चौथ्या दिवशी विमा कंपनीचं पत्र माझ्या ईमेलवर आलं. भारतातला संपर्क म्हणून माझाच पत्ता दिलेला होता. दीड पानाचं पत्र, अतिशय सभ्य. हॉस्पिटलच्या अहवालानुसार आजार पूर्वीपासून ज्ञात होता, अकराव्या प्रश्नाला नकारार्थी उत्तर दिलेलं आहे, सबब विमा सुरुवातीपासूनच रद्द समजावा. त्यात चूक एकही नव्हती. मी असाच मजकूर दिवसभर तपासत असते, मला एक स्वल्पविरामही हलवावासा वाटला नाही.

मी दादाला फोन केला.

"वाच," तो म्हणाला. "मराठीत सांग. सोपं करून."

मी सांगितलं. सोपं करूनही ते तेवढंच राहिलं. तो म्हणाला, "आईले सांगू नोको. आणि मामाले तर बिलकुलच नोको. तुही तारीख निघून राहिली न?"

"दादा, मी सांगते सगळ्यांना. मी बँकेत जाते."

"तू? तू जाशील आणि चहा पिऊन परत येशील." तो हसला आणि हसताना त्याला दुखलं, ते मला ऐकू आलं. "मले आता बरं हाय. घरीच आराम करतो."

डॉक्टर अजून आठवडाभर राहा म्हणत होते, हे मला नंतर कळलं. त्याने सही करून सुट्टी घेतली. हॉस्पिटलचे दिवस वाढले तर त्यांचं बिल बाबांच्या अंगावर येईल, एवढंच त्याने पाहिलं असणार. खोलीवर गेला आणि नऊ दिवस आम्हाला सांगत राहिला की बरं आहे. मी ऐकत राहिले. ते खरं नाही, हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं. मी आईला सांगू शकले असते, बाबांना सांगू शकले असते, त्याच घरात दुसरी खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलीला शोधून लिहू शकले असते. लिहिणं तर मला येतं.

दहाव्या दिवशी त्या मुलीचाच फोन आला. दुपारची वेळ होती, बाबा डबा घेऊन शिफ्टला निघाले होते. ती रडत रडत इंग्रजीत बोलत होती. दुखणं छातीत उतरलं होतं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. आई समोर उभी राहून विचारत होती, "काय म्हनून राहिली? कोन हाय ते?" इंग्रजी कळणारं घरात मी एकटीच होते. ते वाक्य मराठीत मलाच करायचं होतं.

परदेशात कोणी दगावलं तर शरीर मायदेशी आणून देण्याची जबाबदारी त्याच विम्यात लिहिलेली होती. सातव्या पानावर. मी ते सही करण्याआधी वाचलं होतं. आता ते पान आमचं नव्हतं. त्याच्या कामाच्या ओळखीच्या लोकांनी तिथेच अंत्यसंस्कार केले. फोनवर नुसती बंद पेटी दिसत होती, आई पडद्यावर हात ठेवून बसली. महिन्याभराने नागपूरचे एक गृहस्थ सुट्टीवर आले, त्यांनी अस्थी आणून दिल्या. बुद्धवंदना झाली. आई एवढंच म्हणाली, "तोंड नाही पाह्यलं त्याचं."

मामा भेटायला आले. सगळे उठून गेल्यावरही ते खुर्चीत बसून राहिले. मी पाणी दिलं आणि तिथेच उभी राहून पहिल्यांदा बोलले. सिकलसेल होतं, सहाव्या वर्षापासून होतं, तुमच्यासमोर लपवलं, माझ्या लग्नासाठी लपवलं.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "काहून लपवलं, बाई? मी लिहिलं असतं 'हो' म्हनून. तो विमा नसता भेटला त दुसरा पाह्यला असता." मग हळूच म्हणाले, "माह्या भाच्याचंही पिवळं कार्ड हाय. आमची बहीन म्हने, पोरीकडच्याले आताच नोको सांगू."

पिवळं कार्ड म्हणजे आजार नाही, पण रक्तात आहे. दोन पिवळ्या कार्डांनी लग्न करू नये, असं दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. त्या आठवड्यात मी तुमसरला जाऊन तपासणी केली. मुलाला मेसेज लिहिला, "माझं पिवळं आलं." तासाभराने उत्तर आलं, "माझंही." एवढंच. त्यानंतर आम्ही दोघांनीही काही लिहिलं नाही.

परवा ड्रममधले तांदूळ संपले. आईने तळाशी हात घातला आणि दुधाची पिशवी वर काढली. मी बघत राहिले. ती तिथे असायला नको होती. आईने कार्ड उलगडलं, पुसलं आणि दादाच्या फोटोला टेकवून उभं केलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातूनच दिसेल असं.

"वाच," म्हणाली. "खाली काय लिहिलं हाय ते वाच. माह्ये डोये नाही पुरत."

मी मराठी वाचताना अजूनही जरा थांबत थांबत वाचते. "रुग्णाने हे कार्ड कायम सोबत बाळगावे."

आई मोकळ्या ड्रमच्या काठाला धरून उभी होती.

"त्यानं ठेवलं होतं बॅगेत," ती म्हणाली. "पोराकडचे लोक बसून होते, बॅग उघडून वजन करून राहिले होते. मीच काढलं."