खांद्यासाठीचं शिल्प

मी धातूची अमूर्त शिल्पं करते. शिल्पकला पुण्यात शिकले. नवऱ्याला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरी लागली म्हणून सिंगापूरला आले आणि एका औद्योगिक इमारतीत गाळा घेऊन वेल्डिंग करू लागले. शेजारच्या गाळ्यात फिशबॉल बनतात. त्यामुळे माझ्या पहिल्या प्रदर्शनातल्या शिल्पांना मासळीचा हलका वास होता. एका बाईंनी विचारलं, "समुद्राशी हे नातं तुम्ही मुद्दाम जोडलंय का?" मी हो म्हणाले.

बुकित पंजांगच्या एका काँडोने, म्हणजे मोठ्या गृहसंकुलाने, बागेसाठी शिल्प मागितलं, तेव्हा मला फार आनंद झाला. प्रदर्शनातलं शिल्प लोक एकदा बघतात आणि घरी जातात, हे मात्र लोकांच्या रोजच्या वाटेवर राहणार होतं. स्टेनलेस स्टीलच्या पाइपच्या दोन मोठ्या कमानी केल्या, एक वर, एक खाली, एकमेकींकडे झुकलेल्या पण न भेटणाऱ्या. मधोमध एक चकती, वाऱ्याने हळूच फिरावी म्हणून बेअरिंगवर बसवलेली. दोन माणसांत शेवटपर्यंत उरणाऱ्या अंतराबद्दल ते शिल्प होतं. निदान माझ्या मनात तरी.

ते स्विमिंग पूलजवळ बसवायचं ठरलं होतं. पण ऐनवेळी कळलं की तिथे जमिनीखालून पाण्याचे पाइप जातात. मग कमिटीने दुसरी जागा दिली, फिटनेस कॉर्नरमध्ये, लटकण्याचा बार आणि उभ्याने चालवायची सायकल यांच्या मधली. "मोकळी हवा आहे," अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त इंजिनिअर होते, अतिशय सभ्य गृहस्थ.

काही दिवसांनी सकाळी फोटो काढायला गेले, तर शिल्पापुढे रांग होती. एक आजीबाई दोन्ही हातांनी चकती गोल गोल फिरवत होत्या. दुसरीने खालच्या कमानीवर पाय टाकला होता आणि ती त्यावर कपाळ टेकवायचा प्रयत्न करत होती. मी कॅमेरा घेऊन पुढे सरकले, तशी फुलाफुलांचा ब्लाउज घातलेली एक चिनी आंटी इथल्या सवयीने शेवटी 'ला' जोडत म्हणाली, "मागे ला. सगळे थांबलेत."

मी मागे जाऊन उभी राहिले. आजही सांगता येत नाही, का ते.

माझा नंबर आला तेव्हा आंटीने विचारलं, "कुठे दुखतं?"

"कुठे नाही. म्हणजे, उजवा खांदा."

ग्राइंडर धरून धरून तो खांदा आखडलाच होता. आंटीने माझा हात वरच्या कमानीवर ठेवला, कोपर सरळ केलं आणि म्हणाली, "आता चकतीकडे वळ. श्वास सोड." मी सोडला. खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं आणि हात मोकळा झाला.

"ज्याने हे बनवलं ना, त्याला शरीराची चांगली माहिती आहे," आंटी म्हणाली.

मी घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. एवढंच म्हणाला, "अगं, रांग लागली ना? गॅलरीत कधी लागली होती?"

मला राग आला होता. मी कमिटीला कळवलं की हे व्यायामाचं यंत्र नाही. त्यांनी तत्परतेने शिल्पाभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली, 'कलाकृती. हात लावू नये.' लोकांनी दोरीवर टॉवेल वाळत घातले आणि अध्यक्षांकडे तक्रार केली की यंत्र दुरुस्तीसाठी किती दिवस बंद ठेवणार. शेवटी रहिवाशांची सभा बोलावली गेली. मलाही बोलावलं.

एका गृहस्थांनी चकती करकरते म्हणून सांगितलं. दुसऱ्यांची पत्नी बुटकी होती, तिच्यासाठी वरची कमान थोडी खाली येईल का, असं त्यांनी विचारलं. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"मॅडम, हे नेमकं कोणत्या स्नायूसाठी आहे, तेवढं सांगाल का? सूचनाफलकावर लिहायचंय."

"कोणत्याच नाही," मी म्हणाले. "एकमेकांच्या जवळ येऊनही न भेटणाऱ्या दोन गोष्टींमधला ताण आहे तो."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि शेजारच्या सेक्रेटरीला हळूच म्हणाले, "स्ट्रेचिंग."

पाठीमागून एक म्हातारे आजोबा उठले. आवाज अगदी शांत होता. "ती कला आहे हे आम्हाला माहीत आहे, मॅडम. पाटीवर लिहिलंय. पण मग आम्ही काय करायचं? नुसतं बघायचं?"

शिक्षणाची आणि कामाची इतकी वर्षं हाच प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "दोरी काढा."

आठवडाभराने ग्रीसचा डबा आणि वेल्डिंगचं सामान घेऊन गेले. बेअरिंग साफ केलं, खालच्या कमानीला आतून आधार दिला. वरच्या कमानीची उंची मात्र मी बदलली नाही. तेवढा मान कलेचा ठेवला. काम करताना दिसलं की जिथे जिथे हात पडत होते तिथे स्टीलला एक मऊ, खोल चमक आली होती. तसं पॉलिश मला यंत्राने कधी जमलेलं नाही. मी बराच वेळ तिथे बोट फिरवत बसले. आंटी बाजूला उभी राहून घड्याळ बघत होती.

त्यानंतर आणखी एका काँडोचा फोन आला. त्यांना तसंच हवं होतं, फक्त गुडघ्यांसाठी. मी म्हणाले, गुडघ्यांचं करत नाही, पण शिल्प हवं असेल तर देईन. माझ्या मुलीने ते ऐकलं आणि म्हणाली, "आई, जस्ट मेक द नी वन ला."

मी हट्टाला पेटले. त्यांच्या बागेत उंच खांब उभा केला आणि त्याच्या टोकावर, कुणाचाही हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, तुटक कड्यांचा एक गोळा बसवला. खांबही इतका गुळगुळीत की त्याला धरून लटकता येऊ नये. उद्घाटनानंतर काही दिवसांनी नवऱ्याला सोबत घेऊन मुद्दाम पाहायला गेले. खांबाभोवती वीसेक माणसं गोल करून उभी होती. सगळ्यांच्या माना वर, नजर गोळ्यावर. माझे डोळे भरून आले.

मग कडेच्या बाईंनी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी माना डावीकडे वळवल्या.