पेला भावाचा, टोपी माझ्या हातात

कच्च्या दुधाचा वास आला की मला अजून राग येतो. सत्तरच्या सुमारास कोल्हापुरात वडील रोज सकाळी आम्हा दोघा भावंडांना म्हशींच्या कट्ट्यावर न्यायचे. गवळी थेट पेल्यात धार काढायचा, वर उबदार फेस. पेला भावाला मिळायचा. मी त्याची टोपी धरून उभी. मागितलं तर वडील म्हणायचे, “तुला काय तालमीत जायचं हाय व्हय?” एकदा त्यांची पाठ वळताच भावानं सगळं दूध गटारात ओतलं. मी ओरडले, तर “भावाच्या चहाड्या सांगतीस व्हय गं?” म्हणत वडिलांनी मलाच कानाखाली दिली. आता तोच भाऊ नातीला छाती फुगवून सांगतो, “आम्ही धारोष्ण दुधावर वाढलोय.” परवा तिनं मला विचारलं, “आज्जी, तू पण?” म्हटलं, “न्हाय बाई. मी आणि गटार शेजारी उभे होतो. प्यालं ते गटार.”