बारा पानं आणि मैमुनाची एकच किल्ली

मैमुना चहाला कधी नाही म्हणाली नाही आणि घाईला कधी हो म्हणाली नाही. राजिवड्याची मुलगी, माझ्यासारखीच मराठी शाळेत शिकलेली. २००३ साली रत्नागिरीत जिन्यावरच्या एका खोलीत आम्ही दोघी वेबसाइट बनवायचो. मी सकाळची बुद्धवंदना आटोपून यायची, दुपारी ती नमाजासाठी खुर्च्या सरकवायची. मधल्या वेळात आमचं भांडण क्वेरीवरून.

क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. मी तो ज्या त्या पानाच्या कोडमध्येच लिहायची. पटकन होतं, चुकलं तर तिथल्या तिथे सापडतं. मैमुनाचं म्हणणं, प्रश्न एकदाच लिहून डेटाबेसमध्येच ठेवावा, पानांनी नुसतं नाव घेऊन तो चालवावा. त्याला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात.

"आणि तू लग्न होऊन कुवेतला गेलीस की ते कोण समजून घेणार?" मी विचारायची.

"आधी नवरा तर शोध!"

नवरे शोधायचंच काम तेव्हा हातात होतं. कमालचाचा स्थळं जुळवायचे. मुलींचे फोटो त्यांच्या लोखंडी कपाटात बंद असायचे. मुलगे आखातात, म्हणून आता वेबसाइट हवी होती. अट एकच: मुलीच्या घरून होकार आल्याशिवाय तिचा फोटो दिसता कामा नये. अकरा पानांवर मी ती अट लिहिली. बारावं, 'या आठवड्यातली नवी स्थळं', घाईत केलं आणि तिथे नेमकी विसरले.

सोमवारी चाचा धापा टाकत जिना चढले. "उमैमाचा फोटो दुबईत पोचला! तिच्या बापाला मी अजून विचारलंसुद्धा नाही. लोक भरवशावर फोटो देतात गो माझ्याकडे! शुक्रवारपर्यंत नीट करा, नाहीतर बंद करून टाका ती वेबसाइट."

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

मैमुनाने खुर्ची पुढे सरकवली. चाचांना विचारलं, "तुमच्या कपाटाला किल्ल्या किती?"

"एक. माझ्या खिशात."

"आम्ही बारा करून बारा पानांना वाटल्या होत्या."

तिने आधी ते बारावं पान साइटवरून काढलं. मग अट प्रोसिजरमध्ये एकदाच लिहिली आणि पानांचा टेबल, म्हणजे डेटाबेसमधली स्थळांची यादी, थेट वाचायचा हक्कच काढून घेतला. "आता तू विसरायचं ठरवलंस तरी जमणार नाही," म्हणाली. प्रत्येक ओळ काय करते ते माझ्यासाठी वहीत मराठीत लिहूनही ठेवलं. मी मनातल्या मनात त्रिशरण म्हणत एकेक पान बदलत बसले.

शुक्रवारी नमाज आटोपून चाचा आले आणि मुद्दाम आपल्या भाचीचं, आयातचं नाव टाकून शोधायला लावलं. गाव आलं, शिक्षण आलं. फोटोच्या जागी कोरी चौकट.

"अगो, ही माझी भाची! फोटो मीच दिलाय. वेबसाइट माझी!"

"पण तिच्या घरून होकार कुठे आलाय?" मी विचारलं.

 चाचा हसत खुर्चीत टेकले. "चहा मागवा. आणि होकाराचा एक कागद दे इकडे, बहिणीकडे जाऊन सही घेऊन येतो."